एका माणसापुरतं सामान

मारिननं दुसरी खुर्ची शोधायला डिकी तिसऱ्यांदा उपसली. तंबूच्या खुंट्या निघाल्या, बटाट्यांची पिशवी निघाली, गॅसची छोटी शेगडी, भाजलेल्या वांग्याच्या चटणीच्या चार बरण्या, जॅक, फाटका टॉवेल, सगळं निघालं. खुर्ची काही निघेना.

“स्तांका, खुर्ची कुठाय?”

“ही काय.” बायको बसल्या खुर्चीचाच हात थोपटत म्हणाली. मांडीवर ताट घेऊन ती कांदा चिरत होती.

“ही नव्हे गं बाई. दुसरी. माझी.”

“दिली.”

“दिली म्हणजे?”

“सकाळी नदीच्या वळणावर ती आलुबुखार विकणारी नव्हती का? तिला दिली. बिचारी पालथ्या बादलीवर बसली होती.”

“आणि मी कशावर बसू?”

“तिची बादली आता मोकळी झाली असेल. जा, घेऊन ये.”

मारिननं डिकी आपटली. चाळीस वर्षं तो काराकालच्या वॅगन कारखान्यात वेल्डर होता, आणि त्या दोन खुर्च्या त्यानं कारखान्यातल्या पायपांच्या तुकड्यांतून स्वतः जोडलेल्या होत्या. ते तुकडे कोटाखालून बाहेर कसे आले हे विचारू नये. त्या काळी कारखान्यातून रिकाम्या हातानं घरी येणाऱ्याला लोक वेडा म्हणत. कापड स्तांकानं शिवलं होतं, दुहेरी टाका घालून. लग्नातली भांडी फुटली, पण खुर्च्यांना काही झालं नव्हतं. आणि तिनं त्यातली एक बादलीवाल्या बाईला देऊन टाकली.

तो गवतात बसला. ओल्त नदी समोरून चालली होती, पलीकडच्या काठावर गुरं पाण्यात उतरली होती. स्तांकानं त्याच्या हातात पाव, कांदा आणि डुकराच्या चरबीचा खारवलेला तुकडा ठेवला. स्वतःसाठी तिनं अर्धा टोमॅटो घेतला, आणि तोही सगळा खाल्ला नाही.

“खा की,” तो म्हणाला.

“खातेय. तू तुझं बघ.”

तीस वर्षांपूर्वी त्यानं तिला शब्द दिला होता की एकदा तुला आपला देश दाखवीन. सिबिऊ, सिगिशोआरा, थेट वर रंगीत भिंतींच्या मठांपर्यंत. मग मुलीचं शिक्षण आलं, कारखाना बंद पडला, छप्पर गळायला लागलं. शब्द तसाच राहिला. या वर्षी ऑगस्ट सरता सरता तो एकाएकी म्हणाला, चल. हॉटेलात राहायची ऐपत नव्हतीच. मासे धरायला जाताना न्यायचे तो जुना तंबू, जुनी दाचिया गाडी, घरचं खाणं, आणि जिथं कुणी हाकलणार नाही तिथं मुक्काम.

“तुला झालंय तरी काय?” तिनं विचारलं होतं.

“पेन्शन वाढली.”

पेन्शन वाढली होती ती दोन पाव येतील एवढी. पण स्तांकानं पुढं विचारलं नाही, मुकाट्यानं बरण्या भरायला घेतल्या. ती एवढी मुकाट कधीपासून झाली, हे त्यानं तेव्हाच स्वतःला विचारायला हवं होतं.

खरं कारण जुलैतलं होतं. क्रायोवाच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला बाहेर बोलावलं आणि दार ओढून घेतलं. स्वादुपिंड, म्हणाल्या. पसरलंय. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. नाताळापर्यंत, फार तर. मारिननं टोपी हातात घेतली, परत डोक्यावर घातली, परत काढली. आत येऊन तो बायकोला म्हणाला, “पित्ताशयात खडे आहेत. गोळ्या घ्यायच्या.” स्पेनमधून मुलगी फोनवर रडत म्हणाली, “बाबा, आईला कळू देऊ नका हं.” त्यांच्याकडे असंच करतात. आजार गल्लीतल्या सगळ्यांना सांगतात, फक्त ज्याचा त्याला सांगत नाहीत. दुखणं थांबवायच्या गोळ्या त्यानं खड्यांच्या औषधाच्या डबीत भरल्या, आणि रोज तीन वेळा आपल्या हातानं तिला देऊ लागला. ताकास तूर लागू द्यायची नाही, एवढं एकच काम त्याला उरलं होतं. बाकी त्याच्या हातात काही नव्हतं. लोखंड असतं तर त्यानं जोडलं असतं.

आणि ही बाई रस्ताभर सामान वाटत सुटली होती.

पहिल्या दिवशी झऱ्यावर एका म्हातारीला पाण्यानं भरलेला पेला दिला. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, दोनांतला एक. दुसऱ्या दिवशी एक वाडगा आणि एक चमचा, वर छोटी मेणबत्ती चिकटवून. आज खुर्ची. मारिनला राग आला होता, पण कोडं पडलं नव्हतं. तिची धाकटी बहीण वेता ईस्टरच्या आधी गेली होती, आणि मेलेल्या माणसाच्या नावानं वर्षभर द्यावंच लागतं. इथं दिलेलं तिकडे पोचतं. पेला दिला तर तिकडे प्यायला पेला, पांघरूण दिलं तर पांघरूण. घेणाऱ्यानं ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणायचं, देव मेलेल्याला क्षमा करो. तो शब्द पडला की वस्तू पोचली. नाही पडला तर नुसता पेला गेला.

“वेताला द्यायचं तर घरी जाऊन दे ना,” तो पाव चावत म्हणाला. “प्रवासात कशाला? असं करशील तर परत जाईपर्यंत अंगावरच्या कपड्यांवर येऊ.”

“तुझे कपडे कोण घेतंय?” स्तांका म्हणाली.

मारिननं बघायची ठिकाणं डोळ्यांत तेल घालून निवडली होती. जिथं मरणाचा विषय निघणार नाही अशीच. पण या देशात कुठंही जा, दारात आधी मेलेला माणूस भेटतो. सिबिऊच्या मोठ्या चर्चमध्ये म्हणे बुरुजावरून सगळं शहर दिसतं. आत गेले तर भिंतीला टेकून माणसाएवढ्या थडग्यांच्या शिळा उभ्या, दोन्ही बाजूंना, वर दाढीवाले लोक कोरलेले. स्तांका एकेकासमोर थांबली, जणू ओळखीचे शेजारी भेटले होते. सिगिशोआराला तो म्हणाला, टेकडीवर जाऊ, झाडं छान आहेत. छपराखालच्या पावणेदोनशे पायऱ्या ती सात वेळा बसत चढली. वर खरंच झाडं छान होती. झाडांखाली टेकडीभर कबरी होत्या. आगीतून उठून फुफाट्यात.

“किती स्वच्छ ठेवल्यात बघ जर्मन लोकांनी,” स्तांका म्हणाली. “आपल्याकडे नुसतं गवत.”

“पाय दुखत नाहीत का तुझे? चल खाली.”

“आत्ता तर आलो. एवढी काय घाई?”

त्या मुक्कामाला त्यांनी जवळच्या गावात तिथंच पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या एका जर्मन म्हातारीच्या परसात तंबू ठोकला. तिचे सगळे नातेवाईक जर्मनीला निघून गेले होते, ती एका गायीसोबत राहिली होती. सकाळी मारिन रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता, तेवढ्यात स्तांकानं तपकिरी पांघरूण घडी करून म्हातारीच्या हातात ठेवलं.

“आभारी आहे,” म्हातारी म्हणाली.

“असं नाही, मावशी. बोगदाप्रोस्ते म्हणा.”

“आमच्यात तसं नसतं हो.”

“नसू दे. माझ्यासाठी म्हणा. नाहीतर ते पोचायचं नाही.”

“कुणाला पोचायचं?”

स्तांकानं वळून पाहिलं. मारिन बॉनेटमध्ये डोकं घालून होता, पण कान बाहेर होते.

“ज्याला लागेल त्याला,” ती म्हणाली. “म्हणा ना. शब्दाला काय पैसे पडतात?”

म्हातारीनं शब्द दोनदा अडखळत म्हटला. स्तांकानं तिसऱ्यांदा म्हणवून घेतला तेव्हा तिचं समाधान झालं. गाडीत बसताना ती दमली होती, पण खुशीत होती. मारिनला मात्र राहवलं नाही.

“आता दोघांत एक पांघरूण. सप्टेंबर आहे, वर डोंगरात जातोय आपण!”

“मला हल्ली गरमच होतं.”

बिस्त्रित्साच्या पुढं फाटा होता. डावीकडे गेलं की मारामुरेश, आणि तिथं ती रंगीत लाकडांची स्मशानभूमी. हसरं स्मशान म्हणतात तिला, लोक दुरून बघायला येतात, प्रत्येक कबरीवर चित्र आणि वर चार ओळींचा विनोद. स्तांकाला लग्नाआधीपासून ती बघायची होती. मारिननं फाटा यायच्या आधीच उजवीकडचा दिवा लावला.

“इकडे कुठं?”

“डावीकडचा घाट बंद आहे.”

“कुणी केला?”

“सरकारनं.”

“सकाळी नऊ वाजता? एवढ्या लवकर उठतं होय सरकार?”

त्यानं गाडी वळवली. ती थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग नकाशाची घडी घातली.

“राहू दे,” ती म्हणाली. “विनोदच आहेत ना. तू सांग एखादा.”

त्यानं कारखान्यातल्या फोरमनचा जुना विनोद सांगितला. तिनं तो शंभरदा ऐकला होता. ती हसली, आणि हसताना कुशीवर हात दाबून धरला. मारिननं गाडी कडेला घेतली, डबीतली गोळी काढली, पाण्याची बाटली उघडून दिली. मग दोन्ही हात परत स्टिअरिंगवर ठेवले.

“खडे फारच खोडील आहेत,” तो म्हणाला.

“हो ना,” स्तांका म्हणाली. “मोठे असतील.”

निळ्या भिंतींचा मठ तरी सुरक्षित असेल असं त्याला वाटलं होतं. निळा रंग, फुलबाग, नन्स. तिकिटं काढली, आत गेले, देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला आले. सबंध भिंतभर शेवटचा न्याय रंगवलेला होता, जगाच्या अंती देव सगळ्या मेलेल्यांना उठवून करतो तो. मधून आगीची लाल नदी वाहत होती. देवदूत आणि सैतान एका तराजूभोवती झोंबत होते. खाली थडगी उघडून माणसं उठत होती.

“चल, त्या बाजूला सावली आहे,” तो म्हणाला.

“थांब रे. हे बघ, हे बघ.” तिनं बोट केलं. कोपऱ्यात जंगलातली जनावरं ओळीनं उभी होती, आणि प्रत्येकाच्या तोंडात माणसाचा एखादा अवयव होता. हात, पाय, डोकं. “हे काय चाललंय?”

बाजूला एक वयस्क नन झाडू घेऊन उभी होती. ती म्हणाली, “ज्यांनी माणसं खाल्ली ती जनावरं त्या दिवशी सगळं परत आणून देतात. हरणाकडे बघा. त्याच्या तोंडात काही नाही. त्यानं कुणाला खाल्लं नव्हतं.”

“अगं बाई,” स्तांका म्हणाली. “म्हणजे हिशेब चोख.” मग मारिनला म्हणाली, “गाडीतली माझी कापडी पिशवी आण. उशीखाली आहे.”

“कशाला?”

“आण म्हटलं ना!”

तो गेला. पिशवीत एक नवाकोरा टॉवेल होता, तिनं स्वतः कडेला लाल भरतकाम केलेला, आणि एक मेणबत्ती. हा टॉवेल त्यानं घरी कधी पाहिला नव्हता. कधी भरला असेल हिनं? त्यांच्याकडे शवपेटीवरून पलीकडच्या माणसाला दान म्हणून देतात तसलाच तो होता. वेताच्या वेळीही तसलेच दिले होते. तो पिशवी घेऊन देवळाच्या कोपऱ्यापर्यंत आला, आणि पलीकडून ननचा आवाज ऐकू आला.

“नाव काय सांगू प्रार्थनेत?”

“स्तांका.”

“कधी गेली ती?”

“अजून नाही गेली, माई. तुमची भिंत बघतेय.”

मारिन जागच्या जागी थांबला. मग झाडू भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

“घरच्यांना माहीत आहे?”

“नवऱ्याला माहीत आहे. पण मला माहीत आहे हे त्याला माहीत नाही. राहू दे तसंच. फार कष्टानं लपवतोय बिचारा, त्याचा हिरमोड नको.”

मारिननं पिशवी काखेत घट्ट धरली. त्याला आजी आठवली. त्याच्या गावात म्हातारी माणसं जिवंतपणीच आपलं आपण देऊन ठेवतात, मागच्यांचा भरवसा नसला किंवा त्यांना त्रास नको असला तर. आजी आपल्याच मरणाच्या नावानं घातलेल्या जेवणाला पहिल्या पंक्तीत बसून जेवली होती आणि सूप आळणी झालंय म्हणून भांडली होती. आणि वेताचं तर सगळं चाळिसाव्या दिवशीच पोचलं होतं. पलंग मारिननं स्वतःच्या पाठीवर शेजारणीकडे नेला होता, खुर्चीही नेली होती. वेताला दुसरी खुर्ची कशाला लागणार होती? एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती, आणि तो पाव चावत तिच्यावर ओरडला होता.

तो उलट्या पावली बागेपर्यंत गेला. टोपीनं डोळे पुसले. मग मोठ्यानं खोकत, रेतीत बूट घासत परत आला.

“सापडत नव्हती,” तो म्हणाला. “उशीखाली म्हणे! केवढा पसारा करून ठेवलायस.”

“पसारा आता कुठला राहिलाय,” स्तांका म्हणाली आणि टॉवेल ननच्या हातात दिला. ननचं लक्ष मारिनकडे होतं. तिनं टॉवेल छातीशी धरला आणि शब्द हळू म्हटला.

शेवटचा मुक्काम मोल्दोव्हा नदीच्या काठी, गवताच्या गंजीजवळ पडला. सकाळी मारिन आधी उठला. दव एवढं होतं की तंबू धुतल्यासारखा ओला झाला होता. त्यानं शेगडी पेटवली आणि सामान लावायला घेतलं. एक खुर्ची. एक पेला. एक वाडगा, एक चमचा. एक पांघरूण, ते अजून तिच्या अंगावर होतं. तो उकिडवा बसून त्या वस्तूंकडे बघत राहिला. आठ दिवस तिनं काय काय दिलं हे तो मोजत आला होता. मागं काय ठेवलं ते त्यानं आज पाहिलं. एका माणसाला पुरेल एवढं सगळं होतं. काही कमी नव्हतं.

कॉफी उतू जाऊन ज्योत विझली तेव्हा तो भानावर आला.

स्तांका पांघरूण गुंडाळून बाहेर आली, खुर्चीत बसली. रात्रीत तिचा चेहरा आणखी पिवळा झाला होता. त्यानं पेला तिच्या हातात दिला. पेला एकच राहिल्यापासून ती अर्धी कॉफी प्यायची आणि उरलेली त्याला द्यायची, तशीच आजही प्यायली. पलीकडे कुणीतरी गायी हाकत होतं. तिनं पेला पुढं केला.

“घे. गाळ सोड.”

मारिननं तो दोन्ही हातांनी घेतला. त्याला म्हणायचं होतं, ‘आज ऊन पडेल.’ म्हणायचं होतं, ‘घरी पोचल्यावर खड्यांचं बघू.’ तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“बोगदाप्रोस्ते.”

बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्यानं मान वर केली नाही. पेल्यातल्या गाळाकडे बघत तो बसून राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम आलं. स्तांकानं त्याला रडू दिलं. मग पांघरुणातून हात काढून त्याची टोपी सरळ केली.

“वेडा रे वेडा,” ती म्हणाली. “हा पेला मी दिला कुठं? हा तुझा. माझा पहिल्याच दिवशी पाठवलाय.”

“स्तांका...”

“पी आधी. गार होतेय.”

तो प्यायला, गाळासकट. ती त्याचं होईपर्यंत थांबली.

तंबूची घडी ते तीस वर्षं एकाच पद्धतीनं घालत आले होते. एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि टोकं हातात द्यायची. मारिननं खुंट्या उपटल्या, कापड झटकलं, आपलं टोक धरलं आणि सवयीनं तिच्याकडे पाहिलं. ती उठली नाही.

“आज एकटा घाल,” ती म्हणाली. “मी इथून सांगते.”

“एकट्याला नाही जमत ते. वारा आहे.”

“दगड ठेव त्या टोकावर. मोठा घे. हां. आता इकडे ये, ही बाजू उचल.”

त्यानं दगड ठेवला. बाजू उचलली. चालत गेला, कापड वाऱ्यानं फुगलं, दगडाखालचं टोक निसटलं. त्यानं परत ठेवलं. गुडघ्यांवर बसून त्यानं कशीबशी घडी घातली. कडा कडेला लागली नव्हती, मधे हवा राहिली होती आणि पिशवीत ते गाठोडं जाईना. त्यानं ते दोन्ही हातांनी कोंबायला सुरुवात केली.

“नाही,” स्तांका खुर्चीतून म्हणाली. “उलगड सगळं. परत घाल.”

त्यानं तंबू गवतावर उलगडला आणि दगड शोधायला वाकला.